फिल्म वाईट, मूल मात्र चालतंय

घाटकोपरहून स्लो लोकलने परळ सहावं स्टेशन. लहान मुलाच्या मेंदूचं काही दुखणं निघालं की इथल्या बहुतेक घरांची वाट याच रुळांवरून जाते. आधी पंतनगरचा किंवा असल्फ्याचा फॅमिली डॉक्टर, मग महापालिकेचं राजावाडी, तिथून चिठ्ठी सायनला नाहीतर परळच्या वाडियाला, केईएमला. ज्यांना परवडतं ते माहीमला हिंदुजात किंवा मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटलमध्ये जातात. या वाटेवर कुठेतरी एमआरआय होतो आणि हातात पडणाऱ्या पाकिटात एक ओळ असते: मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भागात सर्वत्र बदल, ल्यूकोडिस्ट्रॉफीची शक्यता. घरी येऊन मोबाइलवर तो शब्द टाकला की पहिल्या पाच मिनिटांत जे वाचायला मिळतं, त्यानंतर त्या रात्री घरात कुणी जेवत नाही.

यातले बहुतेक आजार आज पूर्ण बरे होत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गोड बोलून फसवणारे लोक या कुटुंबांना पुढे भेटतच असतात. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. ल्यूकोडिस्ट्रॉफी हे आजाराचं आडनाव आहे. त्या आडनावाची ३० हून अधिक मंडळी आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. एक आजार सहा महिन्यांच्या बाळाला वर्षा-दोन वर्षांत संपवतो, तर दुसऱ्यात मूल शाळेत जातं, दहावीला बसतं, चाळिशी गाठतं. एकात महिनाभराचा उशीरही घातक, दुसऱ्यात घाई करण्यासारखं काही नाही. तेव्हा रिपोर्टवर नुसतं आडनाव असेल, तर डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो नावाचा.

अशा एका आजाराची ओळख मुंबईतच पटली. ती कशी पटली हे इथे जरा सविस्तर सांगायचं आहे. त्याआधी पांढरा भाग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू.

मेंदूच्या वरच्या करड्या थराखाली मज्जातंतूंच्या लांबच लांब धाग्यांचे जुडगे असतात. हे धागे पांढरे दिसतात ते त्यांच्याभोवती गुंडाळलेल्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणामुळे. शरीरातल्या जाड, आवरण असलेल्या धाग्यांतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत वेगाने धावतो. आवरण नसलेल्या बारीक धाग्यांतून तो सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. बाळ जन्मतं तेव्हा हे आवरण अपुरं असतं. पहिल्या दोन वर्षांत ते झपाट्याने चढतं, आणि मान धरणं, बसणं, उभं राहणं, चालणं हे सगळं त्याच्याच बरोबरीने येतं. म्हणूनच अगदी तान्ह्या बाळाचा एमआरआय वाचणं अवघड असतं. जे कमी दिसतं ते अजून यायचं आहे की येणारच नाही, हे एका फिल्मवरून नेहमी सांगता येत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा एमआरआय करायला सांगितलं, तर त्यामागे पैसे काढण्याचा डाव असेलच असं नाही.

ल्यूकोडिस्ट्रॉफीत एखाद्या जनुकात जन्मापासूनच बदल असतो. त्यामुळे आवरण नीट बनत नाही, किंवा बनलेलं टिकत नाही, किंवा त्याची देखभाल करणाऱ्या शेजारच्या पेशी आपलं काम करत नाहीत. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, पाळण्यातून मूल पडलं, लस दिली, यातल्या कशानेही हा आजार होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं. सुनेकडे बोट दाखवण्याचं काम बरेचदा थेट न बोलता वर्षानुवर्षं चालू राहतं.

सुरुवातीला पुष्कळ मुलांवर 'सेरेब्रल पाल्सी'चा शिक्का बसतो. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडलं होतं एवढी आठवण त्याला पुरते. पण सेरेब्रल पाल्सीत मूल हळू का होईना, पुढे जातं. आधी येत होतं ते आता येत नाही, असं आईने सांगितलं तर मात्र विचार बदलायला हवा. आईच्या या वाक्याला स्कॅनइतकंच वजन आहे. ओपीडीच्या गर्दीत दोन मिनिटांत ते राहून जात असेल, तर केस पेपरवर स्वतः लिहून न्यावं.

आता मुंबईची गोष्ट. बॉम्बे हॉस्पिटलमधले मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्याकडे काही मुलं येत होती. त्यांची डोकी मोठी असायची. जन्मतः नव्हे, पहिल्या वर्षात घेर भराभर वाढलेला असायचा. कुणाला पहिली फिट आली म्हणून आणलेलं, कुणाचा तोल जातो म्हणून. स्कॅनमध्ये जे दिसायचं ते भयंकर असायचं. मेंदूचा सगळाच्या सगळा पांढरा भाग सुजलेला, आणि कानशिलामागच्या भागाच्या टोकाला पाण्याच्या गाठी. नुसती फिल्म पाहिली तर वाटावं की हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार, त्याला काही समजत नसणार. प्रत्यक्षात मूल चालत दवाखान्यात यायचं, बोलायचं, नाव सांगायचं. तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याही ल्यूकोडिस्ट्रॉफीत हे बसत नव्हतं. आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसत होती. यातली बहुतेक मुलं एकाच समाजातली होती, अगरवाल.

डॉ. सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये भारतीय मुलांमधला, आधी वर्णन न झालेला आजार म्हणून याची नोंद केली. पुढे १९९६ मध्ये 'पेडियाट्रिक न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात सविस्तर लेख आला. त्यात डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. व्रजेश उदानी हे मुंबईचे डॉक्टर सहलेखक होते. दरम्यान १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हॅन डर नॅप यांनी अशाच आठ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच मुद्दा होता: सूज मोठी, पण आजाराची चाल तिच्या मानाने सौम्य. जगभर या आजाराला व्हॅन डर नॅप यांचं नाव चिकटलं. मुंबईची नोंद चार वर्षं आधीची आहे, एवढं घाटकोपरच्या माणसाने लक्षात ठेवायला हरकत नाही. वैद्यकात या आजाराला आता एमएलसी म्हणतात. २००१ मध्ये त्याचं जनुक सापडलं, त्याला एमएलसी१ म्हणतात. २००४ मध्ये सिंघल आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अगरवाल मुलांमध्ये या जनुकातला नेमका एकच बदल पुन्हा पुन्हा आढळतो. अशा मुलात आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तोच बदल असतो.

फिल्म आणि मूल यांच्यात इतकी तफावत का, याचाही बराच उलगडा झाला आहे. या जनुकाचं प्रथिन मेंदूतल्या आधारपेशींत, रक्तवाहिन्यांना टेकलेल्या भागात असतं. पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळण्यात त्याचा हात असतो. ते नसलं की मायलिनच्या पदरांमध्ये पाण्याचे बारीक बुडबुडे साठतात आणि पांढरा भाग फुगतो. एमआरआय पाण्याला फार संवेदनशील असल्यामुळे फिल्म पांढरीफटक दिसते. पण धागे लगेच तुटलेले नसतात, त्यांतून संदेश जात राहतात.

अगरवाल आईबाप हे ऐकल्यावर जो प्रश्न विचारतात तो अगदी रास्त आहे: आम्ही नात्यात लग्न केलं नाही, गोत्रसुद्धा वेगळं आहे, मग हे आलं कुठून? अगरवालांत परंपरेने १८ गोत्रं मानतात आणि सगोत्र विवाह टाळतात. पण गोत्र चालतं वडिलांच्या बाजूने, तर जनुकं निम्मी आईकडून येतात. शेकडो वर्षांपूर्वी कुणा एका पूर्वजात हा बदल झाला. त्याच्या लेकी दुसऱ्या गोत्रांत दिल्या गेल्या. त्यांनी नवऱ्याचं गोत्र घेतलं, पण अंगातलं जनुक बरोबर नेलं. त्यांच्या लेकी आणखी तिसऱ्या-चौथ्या गोत्रांत गेल्या. समाजाबाहेर लग्न होत नसल्याने तो बदल समाजातच फिरत राहिला आणि काही पिढ्यांत सगळ्या गोत्रांत पसरला. आता गोत्र वेगळं पाहून केलेल्या लग्नातही दोघं त्याचे वाहक निघू शकतात. वाहकाला स्वतःला काहीही होत नाही. दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब नसतो. दर वेळी फासा नव्याने पडतो.

हे वाचून इतरांनी निर्धास्त होऊ नये. एमएलसी भारतातल्या इतर समाजांतही आढळतो, फक्त जनुकातला बदल वेगळा असतो. लिबियातून आलेल्या ज्यूंमध्ये तर चाळीसात एक जण या आजाराचा वाहक असल्याचं आढळलं आहे. आणि आपल्या मराठी घरांत मामाच्या मुलीशी, आतेच्या मुलाशी लग्न लावायची रीत अनेक समाजांत आजही आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तर ते मानाचं समजलं जातं. सख्ख्या मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. एका आजोबांकडून आलेला दडलेला बदल दोन्हीकडून येऊन एकाच बाळात भेटण्याचा हा फार जवळचा रस्ता. अगरवालांत शतकांच्या समाजांतर्गत लग्नांनी जे घडलं, ते इथे दोन पिढ्यांत घडू शकतं. सोयरीक जुळवताना हा विचार व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका समाजात एकच बदल असण्याचा फायदाही आहे. सबंध जनुक न वाचता नेमकी ती एक जागा तपासली की वाहक आहे की नाही ते कळतं. थॅलसेमियासाठी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्त तपासण्याची सवय सिंधी, लोहाणा समाजांत रुजत गेली. घाटकोपरमध्ये लोहाणांची संख्या मोठी असल्याने हे इथल्या लोकांनी जवळून पाहिलं आहे. कुणाचं लग्न मोडण्यासाठी ही तपासणी नसते. दोघं वाहक निघाले तर बाळाच्या वेळी काय करता येईल, हे आधी कळावं एवढाच तिचा हेतू.

एमएलसी असलेलं मूल पुढे कसं वाढतं? चालायला थोडा उशीर होतो. चालू लागतं, पण तोल अस्थिर राहतो. पाय हळूहळू कडक होत जातात. पुष्कळ जणांना पौगंडावस्थेच्या आसपास व्हीलचेअर लागते, काहींना आधी, काहींना बऱ्याच नंतर. बोलणं अडखळतं. फिट्स बहुतेकांना येतात, पण औषधाने सहसा आटोक्यात राहतात. बुद्धीवर परिणाम सर्वांत उशिरा आणि त्या मानाने कमी होतो. म्हणूनच ज्याचं बोलणं समजायला वेळ लागतो त्याला काही कळत नाही असं धरून चालणारे नातेवाईक आणि शिक्षक या मुलांचं फार नुकसान करतात. डोक्याचा घेर पाहून 'पाणी भरलंय' असं कुणीतरी म्हणतंच. पण हे हायड्रोसेफॅलस नव्हे, आणि मेंदूत नळी बसवण्याची गरज सहसा पडत नाही.

या आजारात खरी भीती डोक्याला बसणाऱ्या माराची. इतर मूल ज्या धक्क्यानंतर दोन मिनिटं रडून खेळायला पळेल, त्या धक्क्यानंतर या मुलाला फिट येऊ शकते, ते कित्येक तास बेशुद्ध राहू शकतं, काही दिवस चालणंही बंद होऊ शकतं. बहुतेक वेळा ते सावरतं. पण ही गोष्ट माहीत नसलेल्या इमर्जन्सीच्या डॉक्टरला एवढ्याशा धक्क्याने हे झालं यावर विश्वास बसत नाही. म्हणून आजाराचं नाव, चालू औषधं, फिट आली तर नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे आणि आपल्या न्यूरॉलॉजिस्टचा नंबर असलेलं एक पानी पत्र शाळेत, दप्तरात आणि आईबापांच्या फोनमध्ये असावं. मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर स्टेशनच्या पुलावर ऑफिसच्या वेळेला काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. त्या वेळी अशा मुलाला घेऊन निघूच नये, अपॉइंटमेंट दुपारची मागावी. असल्फ्याच्या डोंगरावरच्या चाळीत राहणाऱ्यांसाठी जिने हाच रोजचा प्रश्न असतो. तिथे कठड्याला एक जास्तीची दांडी बसवून घेणं महागड्या टॉनिकपेक्षा उपयोगाचं. दहीहंडीच्या दिवशी मूल थरात चढणार नाही, खाली उभं राहून पाणी उडवेल. त्याला घरात कोंडून ठेवणं मात्र मला पटत नाही. सायकल शिकवताना, खेळताना हेल्मेट घालावं आणि खेळू द्यावं. चालता येतं ती वर्षं त्याची आहेत.

आता आडनाव तेच, पण स्वभाव अगदी उलटा असलेला आजार पाहू. एक्स-एएलडी, म्हणजे अॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफी. यात मुलगा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत अगदी धडधाकट असू शकतो. मग अक्षर बिघडतं, बाई सांगतात की लक्ष देत नाही, हाक मारलेली ऐकू येत नाही, डोळा तिरळा होतो. चंचल म्हणून काही महिने समुपदेशनात जातात. इथे मात्र ते महिनेच महत्त्वाचे असतात. मेंदूतला बदल एमआरआयवर नुकता दिसू लागला असताना बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं तर आजार थांबू शकतो. लक्षणं उघड झाल्यावर ते केलं तर फारसा फायदा होत नाही, उलट नुकसानही होऊ शकतं. रक्तातली अतिलांब साखळीची मेदाम्लं मोजली की मुलग्यांमध्ये निदान होतं. या आजारात मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीही बहुतेक मुलांमध्ये कमजोर पडतात. त्वचा, विशेषतः सांधे आणि हिरड्या, काळवंडते. साध्या तापात, उलट्यांत मूल एकदम गळून जातं. यावर कॉर्टिसोलची तपासणी आणि रोजची स्टेरॉइडची गोळी हा स्वस्त आणि जीव वाचवणारा उपाय आहे. मेंदूचं नाव घाबरवणारं असल्याने हा भाग विसरला जातो, तो विसरू नये.

एका मुलाला एक्स-एएलडी निघाला की त्याचे सगळे सख्खे भाऊ, मावशीची मुलं, आणि आईचे भाऊ तपासायलाच हवेत. भावामध्ये दोष निघाला पण मेंदू अजून चांगला असला, तर दर सहा महिन्यांनी एमआरआय करून योग्य वेळ पकडता येते. अमेरिकेत २०१६ पासून नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांच्या यादीत हा आजार आहे. आपल्याकडे तशी सार्वत्रिक तपासणी नाही, म्हणून आजारी मूल हीच बाकीच्या मुलांसाठी सूचना ठरते. 'लोरेन्झोज ऑइल' हा १९९२ चा चित्रपट पाहून अनेक पालक ते तेल शोधतात. लोरेन्झो ओडोने हा खरा मुलगा होता आणि तो ३० वर्षांचा होऊन २००८ मध्ये गेला. ते तेल रक्तातली मेदाम्लं कमी करतं, पण मेंदूत सुरू झालेला आजार थांबवत नाही.

मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफीचंही असंच. तिच्या सर्वांत सामान्य प्रकारात चालू लागलेलं मूल दीड-दोन वर्षांचं असताना पुन्हा पडायला लागतं. तिच्यावरची जनुकोपचार पद्धती युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्य झाली. अमेरिकेतली किंमत ठरली साडेबेचाळीस लाख डॉलर, म्हणजे ३५ कोटी रुपयांच्या आसपास. लक्षणं दिसण्यापूर्वी किंवा अगदी सुरुवातीला दिली तरच ती उपयोगी. म्हणजे व्यवहारात ज्याच्या मोठ्या भावंडाला आजार झाला आहे, त्या धाकट्यालाच ती मिळू शकते. या अन्यायाबद्दल काय बोलावं?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'व्हॅनिशिंग व्हाइट मॅटर'मध्ये ताप आणि डोक्याला मार, दोन्ही धोक्याचे. अशा मुलाला ताप चढू लागला की थांबायचं नाही. क्रॅबे आजारात बाळ पहिल्या सहा महिन्यांतच विनाकारण रडत राहतं, कडक होतं. कॅनव्हॅन आणि अलेक्झांडर या दोन्ही आजारांत एमएलसीसारखंच डोकं मोठं होऊ शकतं. आईबापांना तिन्ही सारखेच दिसतात. पण पुढच्या बाळाचा विचार करताना फरक मोठा पडतो. एमएलसी आणि कॅनव्हॅन यांत धोका चारात एक. अलेक्झांडरमध्ये जनुकातला बदल सहसा त्या मुलात नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे पुढच्या भावंडाला धोका फार कमी. चुकीच्या नावावर विसंबून एखाद्या जोडप्याने दुसरं मूल होऊ दिलं नाही, किंवा बेफिकीर राहून होऊ दिलं, तर त्याचं ओझं जन्मभराचं.

नाव कळण्यासाठी एमआरआय पुरेसा नसतो. रक्ताच्या नमुन्यावरून जनुकतपासणी होते, तिचा अहवाल यायला काही आठवडे लागतात. त्यात कधी 'अर्थ निश्चित नाही' असा बदल लिहून येतो. ते निदान नव्हे. आईवडिलांचे नमुने तपासून पुष्कळदा त्याचा अर्थ लागतो. अहवाल वाचायला जनुकसल्लागार किंवा जेनेटिक्सचे डॉक्टर हवेत. परळला केईएममध्ये तशी सोय आहे. पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा जनुकीय आजारांसाठीच्या अशा तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. मुलगा की मुलगी हे मात्र कुणीही सांगणार नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. कुटुंबात कोणता बदल आहे ते आधी ठाऊक असेल तरच ही तपासणी होते, म्हणून जनुकतपासणी दिवस राहण्यापूर्वी करून ठेवावी.

पैशांचं. केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. त्याखाली ठरावीक आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि मुंबईत त्यासाठीचं केंद्र केईएमच आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या अॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफीचं ट्रान्सप्लांट त्या यादीत आहे. एमएलसीसारख्या, मूळ इलाजच नसलेल्या आजारांच्या घरांना त्यातून फार काही मिळत नाही. ही धोरणातली त्रुटीच आहे, कारण अशा घरांचा खर्च एका मोठ्या बिलाचा नसतो. फिजिओथेरपी, स्प्लिंट, फिट्सची औषधं, टॅक्सी आणि आईने सोडलेली नोकरी, असा तो दर महिन्याला झिरपत असतो. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत जुनाट मज्जासंस्थेचे आजारही आहेत. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड लवकर काढावं. त्याने मुलावर शिक्का बसतो असं आजीला वाटतं, पण शाळेत लेखनिक आणि जादा वेळ, प्रवासात सवलत हे सगळं त्याच कागदावर मिळतं. थेरपीसाठी वांद्र्याला 'अदाप्त' आणि शिवडीला 'जय वकील' या जुन्या संस्था आहेत. पण आठवड्यातून तीनदा लोकलने जाऊन दमलेलं मूल व्यायाम काय करणार? महिन्यातून एकदा जाऊन रोजचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि घरी करावेत. पायाचे स्नायू आखडू न देणं हे रोज वीस मिनिटांचं काम. त्याचा परिणाम वर्षांनी दिसतो.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहायला हवं. 'स्टेम सेल' या नावाखाली पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन लाखो रुपये घेणारे लोक या शहरात आहेत. ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वेगळं, आणि हे वेगळं. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार देऊ नयेत, ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची भूमिका आहे. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. जिथे आधी चेक मागतात तिथे चाचणी चाललेली नाही, एवढं ओळखावं. एमएलसीवर बार्सिलोनातल्या संशोधकांनी जनुकोपचाराने उंदरांच्या मेंदूतली सूज कमी करून दाखवली आहे. मुलांसाठी ते अजून दवाखान्यात आलेलं नाही, म्हणून कुणी आज विकत असेल तर नाही म्हणा.

पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना एमआरआयचा नुसता कागदी रिपोर्ट नको, सीडी न्या. लसीकरणाच्या कार्डावर डोक्याच्या घेराच्या नोंदी असतील, तर त्यातून घेर कधी वाढू लागला ते कळतं. मूल चालतानाचे सहा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन व्हिडिओ डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं देतात. आणि जनुकाचा अहवाल हाती आला की तो कपाटात लपवू नका. त्याचा फोटो मामाला, काकाला, मावशीला, आत्याला पाठवा. त्यांच्याकडे लग्नाची बोलणी चालू असतील किंवा कुणाला दिवस गेले असतील, तर हा कागद त्यांना वेळेत मिळायला हवा.